लंडनचा तराजू आणि सालवडचा हुतात्मा

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आलेले दोन १४ ऑगस्ट शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिला १९४१ सालचा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर भेटून अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी सिद्ध केलेली अटलांटिक सनद त्या दिवशी जगासमोर आली. आपल्यावर कोणत्या प्रकारचे राज्य असावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक जनसमूहाला आहे, आणि ज्यांचे स्वराज्य बळाने हिरावले गेले त्यांना ते परत मिळाले पाहिजे, असा आशय त्या सनदेच्या तिसऱ्या कलमात होता. हिंदुस्थानात तो वाचून अनेकांच्या मनात आशेचा अंकुर फुटला. तो फार दिवस टिकला नाही. ९ सप्टेंबर १९४१ रोजी चर्चिल यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खुलासा केला. नाझींच्या जोखडाखाली गेलेले युरोपातील देश डोळ्यांसमोर ठेवून हे कलम लिहिले आहे, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांचा प्रश्न निराळा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

दुसरा १४ ऑगस्ट बरोबर एका वर्षाने उजाडला. श्रावण नुकताच लागला होता. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव होऊन सहा दिवस झाले होते. ९ ऑगस्टच्या पहाटेच सर्व मोठे पुढारी गजाआड गेले होते. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर किनारपट्टीतील गावोगावचे लोक त्या दिवशी पालघरच्या कचेरीवर तिरंगा फडकविण्यासाठी निघाले. मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे.

अटलांटिक सनदेने जो हक्क सर्व मानवजातीचा म्हणून सांगितला, तोच हक्क मागणाऱ्या सालवडच्या माणसाला सनदेच्या पहिल्या वाढदिवशी सनदेच्या कर्त्याच्या साम्राज्याने गोळी घातली. हा योगायोग तारखेचा आहे. त्यामागील वृत्ती मात्र योगायोगाची नव्हती.

पालघरच्या पट्ट्यात जन्मवारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. सुकुर हे नाव शुक्रवाराची आठवण करून देते. १४ ऑगस्ट १९४२ हा दिवसही शुक्रवारच होता, आणि पाच वर्षांनी स्वातंत्र्याची पहाट उगवली तो १५ ऑगस्टही शुक्रवारच. या माणसाचे चरित्र ग्रंथरूपाने घरोघरी पोहोचलेले नाही. मराठी वाचक हुतात्मा शिरीषकुमारला ओळखतो, चिमूरचे नाव त्याला ठाऊक असते, साताऱ्याच्या पत्री सरकारच्या कथा त्याने ऐकलेल्या असतात. सालवड म्हटले की मात्र त्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. राहिलेच तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या उभ्या राहतात.

मोर्चा कचेरीवरच का गेला, याचा विचार करावयास हवा. तालुक्याच्या माणसाने व्हाइसरॉय कधी पाहिलेला नसे, गव्हर्नरही पाहिलेला नसे. त्याच्या दृष्टीने इंग्रजी राज्य म्हणजे मामलेदार कचेरी. शेतसारा तेथे भरायचा, मुद्रांक तेथे घ्यायचा, वाद निघाला की तेथील पायऱ्या झिजवायच्या, आणि पोलिसाने धरले की कोठडीही तेथेच. सहा हजार मैलांवरचे राज्य या एका इमारतीतून गावात शिरत असे. त्या इमारतीवर आपला ध्वज लावणे म्हणजे तिचा मालक बदलला हे जाहीर करणे. मोर्चातील शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला राज्यशास्त्राची परिभाषा अवगत नसेल, पण राज्याची नस कोठे असते हे त्याला अचूक कळले होते.

या किनाऱ्याला परकीय सत्ता नवी नव्हती. ज्या तारापूरच्या नावाने ही औद्योगिक वसाहत ओळखली जाते, तेथील किल्ला पोर्तुगीजांकडून घेताना १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यातील बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. त्यानंतर दोनशे तीन वर्षांनी त्याच परिसरातील माणसे पुन्हा परकीय सत्तेसमोर उभी राहिली. या खेपेस त्यांच्यापाशी तोफा नव्हत्या, झेंडे होते.

आता याच काळातील युरोपकडे वळू. डेन्मार्क हा चिमुकला देश ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने काही तासांत घेतला. तेथील राजा आणि सरकार जागेवरच राहिले, पार्लमेंट चालू राहिले, न्यायालये चालू राहिली. जर्मनांना तेथील लोणी आणि डुकराचे मांस हवे होते, शांतता हवी होती. डॅनिश सरकारला रक्तपात टाळायचा होता. अशा तडजोडीवर तीन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळाला तेथील इतिहासकार सहकार्याचे धोरण म्हणतात आणि त्याच्या योग्यायोग्यतेवर आजही वाद घालतात. तो वाद ते लपवीत नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या सहकार्याला पहिला छेद कोणी दिला? सेनापतींनी नव्हे. आल्बोर्ग शहरातील काही शाळकरी मुलांनी एक गुप्त मंडळ काढले. विनोदाने की आव्हानाने कोण जाणे, त्यांनी त्याला चर्चिल क्लब असे नाव दिले होते. क्नुड पेडरसन हा त्यांचा म्होरक्या. जर्मनांची शस्त्रे पळविणे, वाहने जाळणे असे उद्योग ही मुले करीत. मे १९४२ मध्ये ती पकडली गेली आणि सगळ्या देशाला खाली मान घालावी लागली. मोठ्यांना जे सुचले नाही ते पोरांनी करून दाखविले होते. म्हणजे पालघरच्या गोळीबाराच्या तीनच महिने आधीची ही घटना.

पुढे बोपा आणि होल्गर डान्स्के या भूमिगत संघटना उभ्या राहिल्या. जर्मनांसाठी माल तयार करणारे कारखाने, रेल्वेचे रूळ, जहाजे हे त्यांचे लक्ष्य असे. गुप्त वृत्तपत्रे निघू लागली; युद्ध संपेपर्यंत त्यांच्या एकूण प्रती कोटींच्या घरात गेल्या. ऑगस्ट १९४३ मध्ये एस्ब्येर्ग, ओडेन्स अशा शहरांत संप झाले. घातपात करणाऱ्यांना फाशी द्या, असा निर्वाणीचा खलिता जर्मनांनी दिला आणि सरकारने, उशिरा का होईना, नकार दिला. २९ ऑगस्ट १९४३ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच पहाटे डॅनिश नौदलाने आपलीच जहाजे कोपनहेगनच्या बंदरात बुडविली, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून.

त्यानंतरच्या ऑक्टोबर महिन्यात जे घडले त्याला इतिहासात जोड नाही. ज्यू नागरिकांना पकडून नेण्याचा बेत एका जर्मन अधिकाऱ्यानेच, गेओर्ग डुकविट्झने, आधी फोडला. मग किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या होड्यांतून, रात्रीच्या अंधारात, सात हजारांहून अधिक ज्यू माणसे सामुद्रधुनी ओलांडून तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचविली गेली. सगळेच सुटले असे नाही. गिलेलाय या मच्छीमारी गावात चर्चच्या माळ्यावर लपलेली ऐंशीच्या आसपास माणसे पकडली गेली. सातपाटी आणि मुरब्याच्या वाचकाला हे वाचताना काही वेगळे सांगावे लागणार नाही. काळोखात होडी हाकारणे म्हणजे काय, भरतीची वेळ चुकली तर काय होते, हे त्याला ठाऊक असते.

या डॅनिश लढवय्यांच्या पाठीशी कोण होते? लंडन होते. शत्रूव्याप्त देशांत घातपात घडवून आणण्यासाठी चर्चिल यांच्या सरकारने १९४० च्या जुलैत एक खास गुप्त खाते उघडले होते. डिसेंबर १९४१ मध्ये या खात्याचे पहिले दोन हस्तक विमानातून डेन्मार्कमध्ये उतरविले गेले. त्यांपैकी कार्ल ब्रून याची हवाई छत्री उघडलीच नाही आणि तो मातृभूमीवर पडून मरण पावला. पुढे स्फोटके आली, बंदुका आल्या. लंडनच्या आकाशवाणीवरून डॅनिश भाषेत रोज बातम्या आणि प्रोत्साहन मिळू लागले. रूळ उखडणारा डॅनिश तरुण लंडनच्या भाषेत देशभक्त होता, वीर होता.

आणि तारा तोडणारा, रूळ उखडणारा, कचेरीवर झेंडा लावणारा हिंदी तरुण? तो दंगेखोर. सरकारने १९४२-४३ च्या आंदोलनावर एक पुस्तिकाच काढली. तिच्या नावातच या उठावाला दंगल म्हटले होते आणि दोष काँग्रेसच्या माथी मारला होता. व्हाइसरॉय लिनलिथगो खाजगीत काय लिहीत होता? १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे, असे त्याने ३१ ऑगस्ट १९४२ रोजी चर्चिलना कळविले. काही ठिकाणी जमावांवर विमानांतून मशीनगन चालविण्यात आल्या. सरकारी आकड्यांनुसारच हजाराहून अधिक माणसे ठार झाली आणि वर्षअखेरीपर्यंत साठ हजारांहून अधिक तुरुंगात गेली. गावांवर सामुदायिक दंड बसविले गेले. एकाच लंडनमध्ये, एकाच युद्धमंत्रिमंडळाच्या टेबलावर, दोन तराजू ठेवलेले होते. कोपनहेगनसाठी एक, पालघरसाठी दुसरा.

कोणी म्हणेल की नाझी राजवट आणि इंग्रजी राजवट यांना एका मापाने मोजणे अन्याय्य आहे. खरे आहे. हिटलरच्या छळछावण्यांची तुलना ठाण्याच्या तुरुंगाशी होऊ शकत नाही, आणि तशी ती कोणी करूही नये. परंतु येथे तुलना राज्यकर्त्यांच्या क्रौर्याची नाही. परकीय सत्तेला ‘चालती हो’ म्हणण्याचा हक्क राज्यकर्ता किती क्रूर आहे यावर अवलंबून असतो काय? डेन्मार्कमध्ये तर जर्मनांनी आरंभीची तीन वर्षे बरीच सौम्य ठेवली होती. तरीही डॅनिश मुलांना ते राज्य असह्य झाले, कारण ते परक्याचे होते. सुकुर मोरे यांचे कारणही तेच.

पालघरचा मोर्चा उघड होता, भरदिवसा होता. तो गोळ्यांनी अडविला गेला आणि देशभर असेच घडले, तेव्हा चळवळ जमिनीखाली गेली. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त नभोवाणी चालविली. पोलिसांना चुकविण्यासाठी तिची जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ती पकडली गेली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे उंच मनोरे पाडून गिरण्या आणि रेल्वे बंद पाडणे हे त्यांचे काम. कारखान्यांवर घाला घालणाऱ्या डॅनिश गटांच्या आणि भाई कोतवालांच्या डोक्यात एकच हिशेब होता: शत्रूच्या युद्धयंत्राचे चाक ज्याने फिरते ते थांबवायचे. फरक इतकाच की कोतवालांसाठी आकाशातून बंदुका उतरणार नव्हत्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने तर न्यायनिवाडेही आपल्या हाती घेतले. त्यावर विपुल लिहिले गेले आहे.

अहिंसक मोर्चा आणि घातपात हे दोन मार्ग एकमेकांच्या विरोधात उभे करण्याची आपल्याकडे एक सवय आहे. अभ्यासकांनी ते खुशाल करावे. ठाणे जिल्ह्यातील सामान्य माणसाच्या मनात मात्र पालघरची कचेरी आणि सिद्धगडचे जंगल ही एकाच लढ्याची दोन ठाणी होती. साडेचार महिन्यांचे अंतर आणि एकच शत्रू.

एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. परकीय सत्ता परकीय माणसांच्या बळावर चालत नाही. ती आपल्याच माणसांच्या हातांनी चालते. तालुक्याच्या कचेरीत बसणारे, सारा वसूल करणारे, बंदूक खांद्याला लावणारे बहुतांशी हिंदी होते. डेन्मार्कमध्येही हेच होते. चर्चिल क्लबच्या मुलांना पकडले ते डॅनिश पोलिसांनी. पण पुढे वारे फिरले. १९ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मनांनी डॅनिश पोलीस दलच बरखास्त केले आणि सुमारे दोन हजार शिपायांना छावण्यांत धाडले, कारण त्यांचा भरवसा उरला नव्हता. युद्ध संपल्यावर फितुरांवर खटले चालले, सेहेचाळीस जणांना देहान्त शासन झाले. या न्यायात घाई झाली, काही ठिकाणी सूडही उगवला गेला. भूमिगतांनी खबरे म्हणून मारलेल्यांत काही निरपराध होते, हेही डॅनिश अभ्यासकांनी नंतर मान्य केले.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४७ ला कचेरीवरचा झेंडा बदलला. कचेरी तीच राहिली, दफ्तरे तीच, आणि बहुतेक नोकरवर्गही तोच. शासनयंत्रणा एका रात्रीत मोडली असती तर फाळणीच्या वणव्यात देश सावरता आला नसता, हा युक्तिवाद बिनतोड आहे. सूड न घेण्याचा मोठेपणाही हिंदू समाजाच्या स्वभावाला धरूनच आहे. पण यंत्रणेबरोबर तिची भाषाही आपण वारसा म्हणून घेतली, त्याचे काय? इंग्रजांनी ज्याला दंगल म्हटले त्याला आपल्या जुन्या दफ्तरांतही दंगलच म्हटलेले सापडते. गॅझेटियरमध्ये एखादे वाक्य, पाठ्यपुस्तकात एखादी ओळ, आणि तीही ‘महाराष्ट्रात ठिकठिकाणी’ अशा मोघम शब्दांत. त्या ‘ठिकठिकाणी’मध्ये सालवड आहे, नांदगाव आहे, मुरबे आहे. मोघम शब्दाला चेहरा नसतो. त्याचा कोणी नातू नसतो.

त्या पाच नावांकडे पुन्हा एकदा पाहावे. पागधरे, ठाकूर, चुरी, तिवारी, मोरे. किनाऱ्यावरचे, आतल्या गावांतले; आणि त्यांच्यात पालघरचा म्हणून गणला गेलेला एक तिवारी. प्रांत, जात आणि पोटजात यांच्या नावाने आज जे रकाने पाडले जातात, त्यांपैकी कोणत्या रकान्यात ही यादी बसवायची? बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेली हजारो माणसे काम करतात. बाहेरचे आणि आतले हा वाद येथेही अधूनमधून डोके वर काढतो. त्या वादात बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी पालघरच्या हुतात्मा स्तंभासमोर घटकाभर उभे राहून नावे वाचावीत.

सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, पाम, सरावली ही गावे औद्योगिक वसाहतीने वेढली गेली. किनाऱ्यावर तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून उभा आहे. रोजगार आला, चाळी आल्या, दूषित पाणी आले आणि स्फोटांच्या बातम्याही आल्या. वर्तमानपत्रात सालवडचे नाव उमटते ते बहुधा अशाच एखाद्या बातमीत. गावाचे गावपण गेल्याबद्दल हळहळणे सोपे आहे. कारखाने देशाला हवेच होते आणि स्वातंत्र्यासाठी जे मेले त्यांना दरिद्री देश नको होता. तरीही पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला, तो ज्या गावच्या जमिनीवर उभा आहे तेथील एक माणूस कशासाठी गेला, हे कोणी सांगायचे?

डेन्मार्क हे काम कसे करतो ते साधे आहे. ४ मे १९४५ च्या संध्याकाळी लंडनहून जर्मन शरणागतीची बातमी ऐकू आली. पाच वर्षे खिडक्यांवर लावलेले काळे पडदे लोकांनी फाडून काढले आणि खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आजही त्या संध्याकाळी अनेक डॅनिश घरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागतात. आजोबा नातवाला कारण सांगतात. ज्या रायव्हांगनच्या माळावर भूमिगतांना गोळ्या घातल्या गेल्या तेथे स्मृतिवन आहे आणि तेथे नावे कोरलेली आहेत.

पालघरलाही अशी एक रीत आहे आणि ती कोणा सरकारने घालून दिलेली नाही. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरची बाजारपेठ बंद राहते. लोक पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी जमतात, अभिवादन करतात. श्रावणातल्या सणासुदीच्या गर्दीत एक दिवसाची विक्री सोडणे म्हणजे काय हे व्यापाऱ्याला विचारावे. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, प्रत्यक्ष पाहणारे डोळे मिटले, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्यांच्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, तरी ही रीत मोडलेली नाही. उत्तर कोकणातील या शहराबद्दल एवढी एकच गोष्ट कोणी सांगितली तरी पुरे आहे.

मात्र ती पालघर शहराच्या वेशीवर थांबू नये. सालवड, नांदगाव, मुरबे, सातपाटी आणि पालघर या पाचही ठिकाणच्या शाळांत १४ ऑगस्टच्या सकाळी, प्रार्थनेच्या रांगेत, पाचही नावे गावांसह मोठ्याने वाचली जावीत. औद्योगिक वसाहतीतील ज्या शाळांत मराठी, हिंदी, ओडिया बोलणारी मुले एका बाकावर बसतात, तेथे तर ती आवर्जून वाचली जावीत. दुसऱ्या दिवशीच्या भाषणांसाठी मुलांना पाठ करून घेण्यासारखे मग काही खरे मिळेल. त्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, निधी लागत नाही, पाहुणा बोलवावा लागत नाही. यादी पाच नावांची आहे आणि वाचायला अर्धा मिनिट पुरतो.